लग्नाला इम्पाला: गाडी झकास, नटवणं भयंकर

पुतण्याच्या लग्नासाठी जळगावहून 1959 ची शेवरले इम्पाला भाड्याने आणली. एका दिवसाचे 18 हजार. वरात अमळनेरात, मे महिना.

मूळ गाडीला नावं ठेवणार नाही. मागचे आडवे पसरलेले पंख, खाली मांजरीच्या डोळ्यांसारखे दिवे. दहा मिनिटं मी नुसता मागेच उभा होतो. वैताग आला तो वरून चढवलेल्या दागिन्यांचा. डिकीमागे बाहेर टांगलेली स्टेपनी, क्रोमच्या चकचकीत डब्यात. अमेरिकेत याला कॉन्टिनेंटल किट म्हणतात. नाव लिंकन कॉन्टिनेंटल या गाडीवरून पडलं. आधीच साडेसतरा फूट गाडी, त्यात हे शेपूट. गल्लीच्या वळणावर तीनदा मागेपुढे केली, तेव्हा ओट्यावरचे आबा म्हणाले, "हाई गाडी शे का जहाज?" डिकीत आहेराची बॅग ठेवायची तर त्या डब्यावरून ओणवं व्हावं लागतं. माझ्या पांढऱ्या सदऱ्यावर काळा पट्टा उमटला तो उमटलाच.

मागच्या चाकांवर झाकणं. पंक्चर झालं तेव्हा आधी ती काढण्यात अर्धा तास गेला, घोडं उन्हात ताटकळलं.

टपावर काळं व्हायनिल, म्हणजे रेक्झिनसारखं आवरण. खान्देशच्या उन्हात काळं! कडेला फुगवटा आलाय. बोटाने दाबला तर आत कुरकुर वाजतं, म्हणजे खाली पत्रा गंजतोय. एसी नाहीच.

ड्रायव्हर मात्र सज्जन, वेळेचा पक्का. पाचपैकी अडीच.