डिकीवरच्या आकड्याचा रिव्ह्यू: कोणाचा बॅज किती खरा?

गाडीच्या डिकीवर चिकटवलेला क्रोमचा आकडाही पैसे मोजूनच घेतला जातो, तेव्हा त्याची परीक्षा व्हायला हरकत नाही. कसोटी एकच: आकडा वाचून इंजिन किती सीसीचं आहे ते कळतं का?

बीएमडब्ल्यू: पाचपैकी दीड तारा. पद्धत मुळात सुरेख होती. पहिला अंक मालिकेचा, पुढचे दोन इंजिनाचे (२८ म्हणजे २.८ लिटर, साधारण २८०० सीसी). ई३६ पिढीतल्या (ई३६, ई९०, एफ३० ही गाडीच्या एकेका पिढीची कंपनीतली सांकेतिक नावं) ३२८आयला २७९३ सीसीचं सहा सिलिंडरचं इंजिन, म्हणजे हिशेब चोख. ई९० पिढीत अमेरिकेत विकलेली ३२८आय मात्र २९९६ सीसीची. तिच्या वरची ३३५आयही ३ लिटरचीच, फक्त टर्बोवाली, म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर इंजिनात जादा हवा कोंबून शक्ती वाढवणारी. मग दोघींतली पायरी आकड्यानेच दाखवायची. एफ३० पिढीत त्याच ३२८आय नावाखाली १९९७ सीसीचं चार सिलिंडरचं टर्बो इंजिन आलं. गंमत म्हणजे ३२०आयलाही तेच इंजिन. एकीला १८४ अश्वशक्ती, दुसरीला २४५.

हा घोळ महागात पडतो तो सर्व्हिसिंगच्या वेळी. सहा सिलिंडरच्या ई९० ३२८आयला फिल्टरसह साडेसहा लिटर ऑइल लागतं, चार सिलिंडरच्या एफ३०ला पाच. नुसतं ‘३२८आय’ एवढं सांगून माप घेतलं तर दीड लिटर जास्त ओतलं जाऊ शकतं. मग क्रँकशाफ्ट (इंजिनाच्या तळाशी फिरणारा मुख्य दांडा) ऑइल घुसळून त्याचा फेस करतो, फेसाळलेलं ऑइल दाब नीट धरत नाही, क्रँककेसच्या व्हेंटमधून ऑइल इनटेकमध्ये (इंजिनात हवा नेणाऱ्या वाटेत) शिरतं आणि धूर सुरू होतो. स्पार्क प्लगचंही तसंच: एकीला सहा, दुसरीला चार, आणि तेही वेगळ्या प्रकारचे.

टर्बोमुळे आकडा फुगवण्याची खोड मात्र जुनी आहे. १९८० च्या सुमारास आलेल्या ७४५आयमध्ये ४.५ लिटरचं इंजिन कधीच नव्हतं. ३.२ लिटरच्या टर्बो इंजिनाला शर्यतीच्या नियमांतला टर्बोसाठीचा १.४ चा गुणक लावून ४५ काढले होते. निदान गुणाकार तरी बरोबर होता!

मर्सिडीज: एक तारा. डब्ल्यू२०३ पिढीतल्या नंतरच्या सी१८०, सी२०० आणि सी२३० या तिन्ही ‘कॉम्प्रेसर’ (इंजिनाच्याच जोरावर जादा हवा कोंबणाऱ्या) गाड्यांत १७९६ सीसीचंच इंजिन मिळायचं. शक्ती अनुक्रमे १४३, १६३ आणि १९२ अश्वशक्ती. १९०ई हे उलट टोक: इंजिन २ लिटरचं, पण २०० हा आकडा आधीच मोठ्या गाडीवर असल्याने धाकटीला १९० दिला. आणि ‘६३’ तर आता निव्वळ आडनाव झालंय. जुन्या ३००एसईएल ६.३ च्या आठवणीसाठी सी६३ वर ते लावलं तेव्हाच इंजिन ६२०८ सीसीचं होतं. पुढच्या पिढीत ते ३९८२ झालं, त्यानंतर १९९१ सीसी, चार सिलिंडर आणि जोडीला इलेक्ट्रिक मोटर.

लेक्सस: दोन तारे. हायब्रिडमध्ये मोटरची मदत धरून आकडा चढवतात: आरएक्स ४००एच मध्ये ३.३ लिटर, एलएस ६००एच मध्ये ५ लिटर. एवढं समजून घेता येतं. पण साधी आरएक्स ३५० वर्षानुवर्षं खरोखर ३.५ लिटरची होती आणि आता २.४ टर्बोची आहे, नाव तेच. इथे ग्राहक हमखास फसतो.

ऑडीने २०१७ मध्ये क्षमतेचा नाद सोडून शक्तीचे गट केले: ३० म्हणजे ८१ ते ९६ किलोवॅट, ५५ म्हणजे २४५ ते २७५. प्रामाणिक, पण तक्ता पाठ असेल तरच उपयोग. दोन तारे. व्होल्वोचा टी८ पाहून आठ सिलिंडर समजू नका; टी५, टी६, टी८ अलीकडे बहुतेक २ लिटर, चार सिलिंडर.

फेरारीला मात्र अडीच, मजा येते म्हणून. २५० म्हणजे एका सिलिंडरची क्षमता, गुणिले १२ केलं की ३ लिटर. ४८८ ला तोच नियम, पण गुणिले ८. मधल्या ४५८ ला ४.५ लिटर आणि ८ सिलिंडर, तर ८१२ ला ८०० अश्वशक्ती आणि १२ सिलिंडर. दर गाडीला नवी किल्ली.

फोर्ड मस्टँगच्या जुन्या ‘५.०’ बॅजबद्दल तक्रार किरकोळ आहे: ३०२ घनइंचांचं ते इंजिन ४९४२ सीसीचं, म्हणजे खरं तर ४.९. साडेतीन तारे.

जुनी गाडी घेताना किंवा पार्ट मागवताना बॅज बाजूला ठेवा. तो दोन स्क्रूंनी किंवा चिकटपट्टीने बदलता येतो. नोंदणीच्या कागदावरची सीसी पाहा. चासी नंबरचे सतराही अक्षर-अंक पार्टवाल्याला द्या आणि इंजिन कोड काढून घ्या: एन५२ (ई९० ३२८आयचं सहा सिलिंडरचं) की एन२० (एफ३०चं चार सिलिंडरचं), हे कळलं की फिल्टर, प्लग, ऑइल सगळं एका झटक्यात ठरतं. मॅन्युअलमध्ये फक्त बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि स्ट्रोक (पिस्टन सरकतो ते अंतर) दिले असतील तर बोअरचा वर्ग गुणिले ०.७८५४, गुणिले स्ट्रोक, गुणिले सिलिंडर, आणि मापं मिलिमीटरमध्ये असतील तर शेवटी भागिले १०००. बोअर ८४, स्ट्रोक ९०, सिलिंडर चार: १९९५ सीसी. ई४६ ३१८आयच्या नंतरच्या गाड्यांत हेच इंजिन होतं. डिकीवर १८, आत २ लिटर. आणि त्याआधीच्या ३१८आयमध्ये १८९५ सीसीचं साफ वेगळं इंजिन, त्यामुळे त्या गाडीला चासी नंबरशिवाय पार्ट मागवूच नका.