हॉबगॉब्लिन कोण? डिजिटल वर्गणीवर काही महिने वाचल्यानंतरचा अनुभव

दिवाळीत एका डिजिटल कॉमिक्स ॲपची वर्षभराची वर्गणी भरली ती एकाच कामासाठी. स्पायडर-मॅनच्या मालिकेतला मुखवटेधारी खलनायक हॉबगॉब्लिन, त्याची कथा पहिल्या अंकापासून उत्तरापर्यंत, ज्या क्रमाने छापली गेली त्याच क्रमाने वाचायची होती. आता बरेच महिने झाले. ॲप कसं चालतं ते सांगतेच, पण सांगण्यासारखं जास्त आहे ते कथेबद्दल, आणि तिच्याबरोबर वाचलेल्या, डीसी या दुसऱ्या प्रकाशनसंस्थेच्या ‘आर्मगेडन २००१’बद्दल. दोन्ही रहस्यकथा, दोन्हींत मुखवट्यामागचं नाव छपाईच्या चक्रात बदललं गेलं. पुढे सगळी नावं उघड केली आहेत. कोऱ्या मनाने वाचायचं असेल त्यांनी इथेच थांबावं.

आधी ॲप. दहा इंची टॅबलेटवर पान पूर्ण दिसतं, अक्षरं ताण न देता वाचता येतात. फोनवर मात्र एकेक चौकट मोठी करून दाखवणारी सोय वापरावी लागते, आणि रहस्यकथेसाठी ती मला अजिबात पसंत नाही. पार्श्वभूमीला कोण उभं आहे, कुठल्या पात्राचा चेहरा जाणूनबुजून सावलीत ठेवलाय, हे अख्खं पान समोर असलं तरच कळतं. शोधायची सोय मालिकेच्या नावावर चालते, कथेच्या नावावर नाही. हॉबगॉब्लिन ‘अमेझिंग’, ‘स्पेक्टॅक्युलर’, ‘वेब ऑफ’ या स्पायडर-मॅनच्या तीन मालिकांत आणि एका स्वतंत्र विशेषांकात विखुरलेला आहे, त्यामुळे क्रमाची यादी स्वतःच वहीत करावी लागली. वाचकांच्या पत्रांची पानं या डिजिटल अंकांत नाहीत, ही उणीव मला सगळ्यात जास्त जाणवली. हॉबगॉब्लिन कोण यावर चार वर्षं वाचकांनी तर्क लढवले, आणि तो भाग इथे गायबच आहे. बाकी तक्रार नाही. जुने अंक एकेक करून विकत घ्यायचे म्हटलं असतं, तर हा वाचनाचा घाट माझ्याच्याने घालता आला नसता.

आता कथा. मूळ ग्रीन गॉब्लिन नॉर्मन ऑसबॉर्न १९७३ मध्ये मेला. त्याच्यामागे मुलगा हॅरीने आणि मग आणखी एकाने तो वेश घालून पाहिला. रॉजर स्टर्न १९८२ च्या सुरुवातीला ‘अमेझिंग’वर लेखक म्हणून आला. वाचकांना गॉब्लिन हवा होता, आणि स्टर्नला मेलेल्याला उठवायचं नव्हतं. म्हणून त्याने नवा माणूस आणला. मार्च १९८३ च्या २३८ व्या अंकात स्पायडर-मॅनच्या हातून निसटलेला एक किरकोळ दरोडेखोर गटारांतून पळताना ऑसबॉर्नच्या गुप्त अड्ड्यावर जाऊन धडकतो. ही जागा तो एका पैसेवाल्या माणसाला दाखवतो. त्या माणसाचा चेहरा आपल्याला दिसत नाही. फक्त बोलणं ऐकू येतं: थंड, सवयीने हुकूम सोडणारं, प्रत्येक गोष्टीत फायदा पाहणारं. दरोडेखोराचं काम झाल्यावर तो त्याला संपवतो आणि ऑसबॉर्नच्या सामानातून स्वतःचा वेश घडवतो.

ते बोलणंच या कथेची किल्ली आहे. स्टर्नने नंतर सांगितलंय की बोलण्याची ढब ठरवताना त्याच्या लक्षात आलं, हा माणूस रॉडरिक किंग्सलीसारखा बोलतोय. किंग्सली म्हणजे फॅशनच्या धंद्यातला उद्योगपती, स्टर्ननेच १९८० मध्ये ‘स्पेक्टॅक्युलर’च्या ४३ व्या अंकात आणलेला. वर्गणी असण्याचा इथे फार उपयोग झाला. २३८ वाचून झाला की लगेच ‘स्पेक्टॅक्युलर’ ४३ उघडला. दोन्ही अंकांतले संवाद एकापाठोपाठ वाचले तर तीच मिजास, समोरच्याला वस्तू समजण्याची तीच सवय. कान जागा असेल तर हे पकडता येतं.

आणि एका वाचकाने ते पकडलंही. हॉबगॉब्लिन पहिल्यांदा दिसल्यावर काही मिनिटांतच त्याने नाव ओळखलं. मला या सगळ्या प्रकरणात याच जागी थांबावंसं वाटतं. कारण स्टर्नने त्यापुढे जे केलं आणि आठ वर्षांनी डीसीने तशाच पेचात जे केलं, त्यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

स्टर्नने उत्तर बदललं नाही, एक आडपडदा उभा केला. किंग्सलीला हुबेहूब त्याच्यासारखा दिसणारा भाऊ आहे आणि तो गरजेप्रमाणे रॉडरिक म्हणून वावरतो, असं त्याने ठरवलं. मग १९८४ च्या २४९ व्या अंकात ऑसबॉर्नच्या डायऱ्यांमधून मिळालेल्या गुपितांवर हॉबगॉब्लिन न्यू यॉर्कच्या बड्या लोकांना ब्लॅकमेल करतो. त्या बड्या लोकांत किंग्सलीही बसलेला दिसतो. हॉबगॉब्लिन समोर, किंग्सली खुर्चीत, मग संशयाला जागाच कुठे? याच कथेत वृत्तपत्राचा संपादक जे. जोना जेमसन ब्लॅकमेलला भीक न घालता स्कॉर्पियन हा खलनायक घडवण्यातला आपला हात जाहीर करतो आणि संपादकपद सोडतो. पहिल्या वाचनात माझं सगळं लक्ष जेमसनने खेचून घेतलं. दुसऱ्यांदा फक्त किंग्सलीवर नजर ठेवून वाचलं. आपण ज्याला पाहतोय तो दुसराच कोणी आहे हे माहीत असताना तो प्रसंग वेगळाच वाचला जातो, आणि एकही चौकट खोटी पडत नाही.

मग स्टर्न मालिका सोडून गेला आणि टॉम डिफाल्को आणि चित्रकार रॉन फ्रेन्झ आले. हा काळ मला वाटलं होतं त्याहून कितीतरी चांगला निघाला. ‘रोज’ नावाचा मुखवटेधारी गुंड, त्याची हॉबगॉब्लिनशी युती, मे १९८६ च्या २७६ व्या अंकात मुखवटा निघतो तेव्हा आत स्पायडर-मॅनचा जुना ओळखीचा फ्लॅश थॉम्पसन, आणि तोही अडकवलेला निरपराध. वाचताना पान उलटायची घाई होते. पण पडद्यामागे गोंधळ होता. डिफाल्कोला किंग्सली हे उत्तर वाचकांवर अन्याय करणारं वाटत होतं, कारण भावाचा पत्ताच वाचकांना दिलेला नव्हता. त्याच्या मनात किंगपिन या गुन्हेगारी बादशहाचा मुलगा रिचर्ड फिस्क होता. लेखकाच्या मनात एक नाव, संपादक जिम आउस्लीकडे दुसरं, आणि दोघांमधला संवाद तुटत गेलेला. शेवटी डिफाल्को आणि फ्रेन्झ मालिकेवरून दूर झाले. या सगळ्यांनी पुढे मुलाखतींतून आपापली बाजू मांडली आहे, आणि त्या बाजू एकमेकींशी जुळत नाहीत.

त्याचा परिणाम अंकांत दिसतो. १९८७ च्या सुरुवातीला आलेल्या स्पायडर-मॅन आणि वूल्व्हरिनच्या विशेषांकात पत्रकार नेड लीड्स बर्लिनमध्ये मारला जातो. तो अंक आउस्लीनेच लिहिलेला. हॉबगॉब्लिनचा उलगडा करायचं काम पीटर डेव्हिडकडे आलं तेव्हा त्याला फॉरिनर या मारेकऱ्याचं नाव सुचवलं गेलं होतं. डेव्हिडचं म्हणणं असं की छापलेल्या खुणा नेड लीड्सशिवाय कोणाला लागूच पडत नाहीत. पण लीड्स तर मेला होता! मग जून १९८७ च्या २८९ व्या अंकात मेलेल्या माणसाला हॉबगॉब्लिन ठरवलं गेलं.

तो अंक मी एका रात्रीत दोनदा वाचला. चार वर्षं ज्या मुखवट्यामागे लागलो, तो समोरासमोर निघतच नाही. स्पायडर-मॅनला सत्य कळतं ते किंगपिनने दिलेल्या माहितीतून. हॉटेलच्या खोलीत भाडोत्री मारेकऱ्यांनी लीड्सला गाठलं आणि संपवलं, एवढंच. आता १९८३ च्या अखेरचा ‘स्पेक्टॅक्युलर’ ८५ उघडा. त्यात हॉबगॉब्लिन गॉब्लिनच्या रसायनाने स्वतःची ताकद माणसाच्या पलीकडे नेतो. स्पायडर-मॅनशी बरोबरीने झुंजणारा माणूस साध्या मारेकऱ्यांच्या हाती असा मुकाट मरेल? क्रमाने वाचलं नसतं तर हा प्रश्न मला इतका टोचला नसता. तुकड्यातुकड्याने वाचणाऱ्याला सातत्यातली भेग दिसत नाही. सलग वाचलं की ती भेग सरळ बोटाला लागते.

डेव्हिडला मी दोष देत नाही. त्याच्यासमोर पडलेल्या पत्त्यांत लीड्स हाच सर्वात प्रामाणिक पर्याय होता. फ्लॅश आणि नेडची बायको बेटी यांची जवळीक, नेडचं बदललेलं वागणं, फ्लॅशलाच अडकवलं जाणं, हे सगळं नेडकडेच बोट दाखवतं. पण मेलेल्या माणसाला उत्तर म्हणून देणं म्हणजे वाचकाच्या हातून शेवटचा सामना काढून घेणं.

दहा वर्षांनी, १९९७ मध्ये, स्टर्न आणि फ्रेन्झ यांनी ‘हॉबगॉब्लिन लिव्ह्ज’ ही तीन अंकी मालिका केली. माझ्या मते चुकलेलं सातत्य कसं दुरुस्त करावं याचा याहून चांगला नमुना सुपरहिरो कॉमिक्समध्ये क्वचितच सापडेल. स्टर्नने मधल्या लेखकांचं काम पुसून टाकलं नाही. नेड खरोखरच त्या वेशात वावरत होता, पण किंग्सलीने त्याचं मन काबूत घेऊन त्याला प्यादं म्हणून वापरलं होतं. म्हणून नेडचं वागणं विचित्र झालेलं, म्हणून तो मारेकऱ्यांपुढे टिकला नाही. डेव्हिडने नेडकडे नेणाऱ्या ज्या खुणा वाचल्या, त्या सगळ्या जागच्या जागी राहिल्या. आणि कथेच्या मध्यभागी आली ती बेटी ब्रँट. नवरा खुनी होता हे दहा वर्षं ऐकत आलेली बाई स्वतः त्या माहितीच्या मुळाशी जाते. रहस्याचं उत्तर कोणाच्या तरी आयुष्यात फरक पाडतं, हे २८९ व्या अंकात नव्हतं, इथे आहे.

डिफाल्कोची हरकत मात्र मला पटते. भाऊ आधी कुठे दाखवलाच नव्हता. २४९ च्या आधी एका ओळीत जरी किंग्सलीच्या भावाचा उल्लेख असता तर हे कोडं बिनचूक ठरलं असतं. तरीही मी स्टर्नच्या बाजूने उभी राहीन, कारण पहिल्या अंकातला आवाज शेवटच्या अंकातही तोच आहे.

आता ‘आर्मगेडन २००१’. हे माझ्या ॲपवर नाही, छापील अंक जुन्या पुस्तकांच्या दुकानातून गोळा केले. १९९१ च्या उन्हाळ्यातली ही मालिका. २०३० च्या जगावर मोनार्क नावाचा हुकूमशहा राज्य करतोय आणि तो मुळात २००१ मध्ये खलनायक बनलेला एक सुपरहिरो आहे. कोणता, ते कोणालाच माहीत नाही. वेव्हरायडर हा काळप्रवासी भूतकाळात येऊन एकेका नायकाला स्पर्श करतो आणि त्याचं संभाव्य भविष्य पाहतो. डीसीच्या त्या वर्षीच्या वार्षिकांकांत एकेक भविष्य रंगवलेलं. कल्पना झकास आहे. सुपरमॅन, बॅटमॅन यांची ती भविष्यं आजही सुटी वाचायला मजा येते.

मोनार्क व्हायचा होता कॅप्टन ॲटम हा डीसीचा सुपरहिरो. १९६८ मधून थेट १९८६ मध्ये फेकला गेलेला, धातूच्या कातडीत अडकलेला, लष्कराने वापरून घेतलेला माणूस. काळाशी आणि सत्तेशी त्याचं इतकं जुनं देणंघेणं की हे नाव वाचताच पटतं. पण शेवटचा अंक यायच्या आधीच नाव फुटलं. डीसीने ऐनवेळी उत्तर बदलून हॉकला, म्हणजे ‘हॉक आणि डव्ह’ या सुपरहिरो जोडीतल्या हँक हॉलला, मोनार्क केलं. दुसऱ्या अंकात मोनार्क हॉकसमोर डव्हला मारतो, भडकलेला हॉक मोनार्कला मारतो, चिलखताखाली स्वतःचाच चेहरा पाहतो आणि तेच चिलखत चढवतो. पानं उलटत असताना धक्का बसतो, हे खरं. पुस्तक मिटलं की काहीच उरत नाही. हॉक आणि डव्हचा वार्षिकांक मी मुद्दाम परत काढून वाचला. हा शेवट तिथून उगवतो असं कुठेही वाटत नाही.

इथे माझा मुद्दा सरळ आहे. नाव फुटलं तर त्या महिन्याचा धक्का जातो, पण कथा शाबूत राहते. नाव बदललं तर धक्का वाचतो, आणि त्याआधी छापलेल्या प्रत्येक खुणेचा अर्थ जातो. ज्यांनी दर महिन्याला पैसे मोजून त्या खुणा गोळा केल्या, तर्क केला, बरोबर ओळखलं, त्यांनाच शिक्षा झाली. स्टर्ननेही बरोबर ओळखणाऱ्या वाचकाची दिशाभूल केली, पण त्याचं उत्तर चूक ठरवलं नाही. त्या वाचकाला चौदा वर्षं थांबावं लागलं खरं, पण तो जिंकला. कॅप्टन ॲटम ओळखणाऱ्यांच्या वाट्याला ते आलं नाही. नंतर २००७ मध्ये डीसीने कॅप्टन ॲटमला मोनार्क केलंच, पण तोवर ती कथा, तो प्रश्न, ती माणसं सगळं निराळं झालं होतं. हँक हॉल दरम्यान १९९४ च्या ‘झिरो अवर’ या मालिकेत एक्स्टंट नावाचा खलनायक होऊन आणखी दूर गेला. डव्हचा मृत्यू तर एका धक्क्यासाठी खर्ची पडला, आणि मला तेच सर्वात जास्त लागलं.

आपल्याकडे इंद्रजाल कॉमिक्समधून वेताळ मराठीत वाचत वाढलेल्यांना ही दर महिन्याची बांधिलकी जरा परकी वाटेल. तिथे गोष्ट बहुतेक वेळा हातातल्या अंकात पुरी व्हायची. त्यांनी सुरुवात २३८ ते २५१ एवढ्याच टप्प्याने करावी. तो टप्पा स्वतःच्या पायावर उभा आहे, बहुतेक अंकांत जॉन रोमिटा ज्युनियरची चित्रं आहेत, आणि उत्तर न मिळताही तो पुरेपूर आनंद देतो.

वर्गणीचं नूतनीकरण करणार आहे. ज्यांना सलग, क्रमाने, दोन मालिका शेजारी ठेवून वाचायची सवय आहे त्यांना पैसे वसूल होतात. ज्यांना महिन्याला एखादाच अंक चाळायचा असतो त्यांनी संग्रहित पुस्तक घेतलेलं बरं. माझा क्रम असा: आधी ‘स्पेक्टॅक्युलर’ ४३, मग ‘अमेझिंग’ २३८ ते २५१ आणि मध्ये ‘स्पेक्टॅक्युलर’ ८५, त्यानंतर डिफाल्कोचे अंक, वूल्व्हरिनसोबतचा विशेषांक, २८९, आणि सगळ्यात शेवटी ‘हॉबगॉब्लिन लिव्ह्ज’. २८९ आणि ‘लिव्ह्ज’ यांच्यामध्ये थोडे दिवस जाऊ द्या. नेडच खुनी होता हे आधी मनात पक्कं बसू द्या, मग बेटीची पानं उघडा.