पिवळं-हिरवं घर, आठ महिन्यांनी

गेल्या दिवाळीत अमळनेरच्या घराची पुढची खोली रंगवली, तेव्हापासून भिंती, पडदे, ड्रेस, सगळीकडे पिवळा-हिरवाच चालू आहे. आता ज्येष्ठ लागलाय. मधे खानदेशचा अख्खा उन्हाळा काढला, म्हणून आता लिहायला हरकत नाही.

सुरुवात साफ फसली. शेडकार्डावरचा लिंबासारखा पिवळा तीन भिंतींना दिला, चौथीला पोपटी. तिकिटाएवढ्या तुकड्यावर गोड दिसणारा रंग भिंतीवर चढला की अंगावर येतो. समोरासमोरच्या भिंती एकमेकींवर उजेड टाकतात आणि रंग दुणावतो. रंगारी म्हणाला होता, "ताई, एक शेड फिकी घ्या." ऐकलं नाही. त्यात डोक्यावर ६५०० केल्विनचा पांढराफेक एलईडी. संध्याकाळी मावशी आली आणि दारातच थबकली. "हाऊ काय रंग शे वं माय! घरमा कोनले कावीळ व्हयनी का?"

खरंच सगळ्यांचे चेहरे आजारी दिसत होते. ३००० केल्विनचा, म्हणजे पिवळसर उजेडाचा बल्ब लावला, तेव्हा अर्धं दुखणं गेलं.

पोपटी मात्र घालवावाच लागला. दिवसाउजेडी आपला डोळा ५५५ नॅनोमीटरच्या आसपासचा, म्हणजे पिवळसर हिरवा उजेड सगळ्यात पटकन टिपतो. रस्त्यावर काम करणाऱ्यांची जाकिटं त्या रंगाची असतात ती उगीच नाही. तीच जात अख्ख्या भिंतीवर, मग काय, बसल्या जागी डोळे तिकडेच.

उपाय सापडला लग्नाच्या अल्बमात. हळदीची पिवळी साडी आणि हातात हिरवा चुडा. आजवर कुणी म्हटलंय का, की हे जुळत नाही? पिवळं अंगभर, हिरवं मनगटापुरतं. मी दोन्ही निम्मं-निम्मं घेऊन बसले होते, म्हणून भांडण लागलं. दुसऱ्या खेपेला शेडकार्ड बाजूला ठेवून रंगाऱ्याला केळं सोलून दाखवलं: हा. (जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालंय, पण हे काम तिला नवीनच असावं.) भिंती गरासारख्या फिक्या, आणि मेहंदी रंग फक्त चौकटीला न् खिडकीच्या गजांना. आता खोली शांत आहे.

कपड्यात उलटं केलं. मेहंदी रंगाचा कुर्ता, मोहरीच्या रंगाची ओढणी. आठ महिन्यांतली सगळ्यात चांगली खरेदी हीच. एकदाच फजिती झाली. कपाशी उभी असताना ओढणी शेताकडच्या तारेवर वाळत घातली आणि तासाभरात तिच्यावर पांढरी माशी आणि मावा यांची जत्रा. सासरे हसले, "आम्ही पिवळे चिकट सापळे विकत आणतो, तू फुकट लावलास." या किडींना पिवळ्याची ओढ असते हे मला तेव्हा कळलं. आता ओढणी घरातच वाळते.

धुळीचं म्हणाल तर वावटळीच्या दिवसांत गडद हिरव्या उशीवर बोट फिरवलं की रेघ उमटते, पिवळीवर काही दिसत नाही. पिवळ्या भिंतीवर हळदीचे हातही खपून जातात असं वाटलं होतं. स्विचबोर्डाजवळचा एक डाग साबणाने पुसायला गेले तर तो लालभडक झाला! घाबरले. साबणातल्या क्षारामुळे हळद तशी होते. लिंबू पिळलेल्या पाण्याने पुसल्यावर पुन्हा पिवळी झाली, आणि हलका डाग राहिला तो आता शोधावा लागतो.

तक्रार आहे ती पडद्यांची. पश्चिमेच्या खिडकीतला हळदी पडदा चैत्र-वैशाखाच्या उन्हात पार विटला, त्यावरची हिरवी किनार मात्र बरीच टिकली. चुण्या उलगडल्या की आत मूळ रंगाचे पट्टे दिसतात, वाघासारखे. शिंप्याला नवे टाकलेत, या वेळी मागून पांढरं अस्तर लावून.