वर्धा रोडवरचं चार्जिंग स्टेशन: तीन स्टार
तीन गन, त्यातली एक बंदच. मे महिन्यात नागपुरात वर शेड नाही म्हणजे कमालच. हँडल रुमालानं धरावं लागलं. चार्जिंग मात्र झकास, पाऊण तासात ३० युनिट.

तिथला पोरगा म्हणे, "काका, बॅटरी फुल झाली की गाडी जड होते, हवा वाढवून घ्या." अरे बाप्पा! ही काय पेट्रोलची टाकी आहे? लिथियमचे आयन आतल्या आतच या बाजूचे त्या बाजूला जातात. जितके इलेक्ट्रॉन एका तारेनं शिरतात, तितकेच दुसरीनं बाहेर. ऊर्जेलाही वजन असतं, या आइन्स्टाइनच्या सूत्रानं ३० युनिटांचं वजन भरतं जेमतेम १.२ मायक्रोग्रॅम. मिठाचा कण त्याहून जड! पोरगा हसला, काच पुसून दिली. तर्री-पोह्याची टपरी समोरच आहे.