हेड खोललेच आहे, तर व्हॉल्व्ह स्प्रिंग कोणत्या घ्याव्यात?

इंजिनकामासाठी हेड (सिलिंडरांवरचा, व्हॉल्व्ह बसवलेला भाग) खाली उतरले आणि पुण्याच्या नाना पेठेतून नव्या व्हॉल्व्ह स्प्रिंग आणायची वेळ आली, की "थोड्या कडकच घ्या" असा सल्ला हमखास मिळतो. तो सरसकट मानू नये.

व्हॉल्व्ह, म्हणजे सिलिंडरची झडप, उघडतो कॅम, म्हणजे फिरत्या दांड्यावरचा उंचवटा. मिटवायचे काम मात्र एकट्या स्प्रिंगचे. ६००० आरपीएमला (मिनिटाला इंजिनाचे फेरे) प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला ५० वेळा उघडमीट करतो, आणि त्याला आवरायला लागणारा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे ७००० ला तो सुमारे ३६ टक्क्यांनी जास्त लागतो. स्प्रिंग तिथे कमी पडली की व्हॉल्व्ह कॅमची साथ सोडतो, उशिरा बसतो, सीटवर (व्हॉल्व्ह मिटताना टेकतो ती कडा) आपटून उसळतो. इंजिनाची ताकद घटते, आणि काही इंजिनांत तर उघडा राहिलेला व्हॉल्व्ह पिस्टनला लागून वाकतो.

कॅम आणि आरपीएमची मर्यादा कंपनीचीच ठेवणार असाल, तर मूळ मापाच्या नव्या स्प्रिंगच घ्याव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे. दोष बहुधा मापात नसतो, थकव्यात असतो. भोसरीत एका जुन्या गाडीच्या आठ स्प्रिंग आम्ही काचेवर गुण्याला (काटकोन तपासायची पट्टी) टेकवून उभ्या केल्या, तेव्हा दोन स्पष्टपणे कललेल्या दिसल्या आणि एक व्हर्नियरवर इतरांपेक्षा दीड मिलिमीटर आखूड भरली.

कडक स्प्रिंगमुळे वरचा वेग सांभाळला जातो हे खरे, पण तो जास्तीचा दाब कॅमच्या माथ्यावर आणि रॉकरवर (कॅमचा जोर व्हॉल्व्हला देणारा दांडा) रोज, सिग्नलला उभे असतानाही पडत राहतो व झीज वाढवतो. शिवाय व्हॉल्व्ह पूर्ण उघडल्यावर वेटोळी एकमेकींना भिडता कामा नयेत. साधारण दीड मिलिमीटर मोकळीक मोजूनच घ्यावी.

इंजिन खरोखरच वर फिरवायचे असेल, तर नुसत्या कडकपणापेक्षा बीहाइव्ह (पोळ्याच्या आकाराची) स्प्रिंग सरस ठरते. तिचे वरचे तोंड निमुळते असल्याने रिटेनर (स्प्रिंगला व्हॉल्व्हशी धरणारी टोपी) लहान आणि हलका बसतो, म्हणजे आवरायचे वजनच घटते. वेटोळ्यांचा व्यास बदलत गेल्यामुळे ठरावीक वेगाला स्प्रिंग स्वतःच थरथरण्याचा धोकाही कमी होतो. दुहेरी स्प्रिंगही ही थरथर दाबते, मात्र वजन वाढवते. मर्सिडीजने १९५४ च्या डब्ल्यू १९६ मध्ये व्हॉल्व्ह मिटवायलाही कॅमच वापरला आणि रेनॉने १९८६ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये हवेच्या दाबाची योजना आणली, पण आपल्या गाडीच्या खर्चात ते बसत नाही.

रेव्ह लिमिटरवर (इंजिनाचा वेग मर्यादेत ठेवणारी सोय) सगळी भिस्त ठेवू नये. तो इंधन किंवा स्पार्क तोडतो. खंबाटकी घाट उतरताना पाचव्यातून चौथ्याऐवजी दुसरा गिअर पडला, तर चाकेच इंजिनाला मर्यादेपलीकडे फिरवतात. असे घडल्यास गाडी पुढे दामटण्याआधी प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन (आतला दाब) तपासावे. वाकलेला व्हॉल्व्ह सीटवर पुरता बसत नाही आणि त्या सिलिंडरचा आकडा घसरलेला दिसतो.