२,४०,००० येनला घेतलेला प्लॅस्टिकचा डबा

टोकियोत सात वर्षं राहते, इंटिरियर डिझाइनचं काम करते, आणि माझे २,४०,००० येन गेलेत. आपल्याकडचे सुमारे १ लाख ३५ हजार रुपये. आईला अजून सांगितलेलं नाही. इथे लिहितेय, कारण आपली बरीच माणसं जपानला आली की रविवारच्या जुन्या बाजारात हटकून जातात.

उरुशीचा, म्हणजे जपानी लाखकामाचा डबा होता. काळाभोर, झाकणावर सोनेरी तिरके पट्टे, फुलं-पक्षी काही नाही. विक्रेता म्हणाला, १९३० च्या सुमाराचा, करणारा पॅरिसला राहून आलेला. इथेच भुलले. फर्निचर डिझायनर आयलीन ग्रे पॅरिसमध्ये सुगावारा सेइझो या जपानी कारागिराकडे हे काम शिकली, झाँ द्युनाँ हा कलाकारही त्याच्याकडेच शिकला, हे मला तोंडपाठ आहे. मी काय काम करते ते त्या माणसाने आधी गोड बोलून काढून घेतलं आणि मग माझ्या मापाची गोष्ट शिवली.

शिवाय डबा लाकडी पेटीत होता. पेटीवर शाईने कारागिराचं नाव, खाली लाल शिक्का. अशा पेटीला तोमोबाको म्हणतात, वस्तूचा जन्मदाखलाच तो.

आणि तो डबा पेटीत खुळखुळत होता! चारी बाजूंनी बोटभर फट. ज्या वस्तूसाठी पेटी बनवून घेतली, ती तिच्यात खुळखुळेल कशी? मी विचारलंसुद्धा. तो म्हणाला, आत कापड होतं, कुजलं, काढून टाकलं. मी मान डोलावली. तो खुळखुळ आवाज अजून कानातून जात नाही. पेटीत वस्तू नीट बसत नसेल तर तिथूनच मागे फिरा, कारणं ऐकत बसू नका.

मी काही अडाणी नाही. सावंतवाडीत वाढले, चितारआळीतलं लाखकाम लहानपणापासून हाताळलंय. पण आपली लाख किड्यांची, उरुशी म्हणजे झाडाचा चीक, दमट हवेत घट्ट होणारा. त्याचा स्पर्श वेगळा. त्यात पाऊस भुरभुरत होता आणि मागे दुसरं गिऱ्हाईक घाई करत होतं. तेही त्याचंच माणूस असणार, आता वाटतं.

४०,००० तिथेच रोख, २,००,००० दुसऱ्या दिवशी खात्यावर. पावतीवर फक्त 'डबा १'. साल, कशाचा बनलाय, उरुशी आहे की नाही, हे सगळं विक्रेत्याच्या हाताने पावतीवर लिहून घ्या. टाळाटाळ केली तर समजून जा.

तीन आठवड्यांनी डागडुजी करणाऱ्या एका बाईंनी माझ्या हातात भिंग दिलं. खऱ्या माकिएत, म्हणजे उरुशीवरच्या सोनेरी नक्षीत, ओल्या उरुशीवर सोन्याची पूड शिंपडतात, कण लहानमोठे, विखुरलेले दिसतात. माझ्या पट्ट्यांवर ठिपके ओळीने, सारख्या अंतरावर. छापलेले. आतल्या कोपऱ्यात साच्याची रेघ. प्लॅस्टिकवर युरेथेन या कृत्रिम रंगाचा थर. पेटी तेवढी खरोखर जुनी, पण दुसऱ्याच कुठल्या वस्तूची. शंभर येनच्या दुकानातलं भिंग माझ्या पर्समध्ये असतं तर!

पोलीस चौकीत गेले. म्हणाले, हा तुमचा आपसातला व्यवहार, दिवाणी. त्याला खोटं ठाऊक होतं याचा पुरावा काय? ग्राहक मदतीच्या १८८ वर फोन केला. कूलिंग ऑफ, म्हणजे ठरावीक दिवसांत खरेदी रद्द करणं, इथे नाही, कारण ती ८ दिवसांची मुदत दारावर येऊन विकणाऱ्यांसाठी. तुम्ही स्वतःच्या पायाने बाजारात गेलात. बाजार भरवणारे म्हणाले, आम्ही फक्त जागा देतो. पुन्हा चौकीत. जुन्या वस्तू विकायचा परवाना पोलीस ठाण्यातच अर्ज करून काढावा लागतो ना, मग शोधा की त्याला! तर म्हणे परवाना क्रमांक द्या. तो मी घेतला नव्हता. खात्यावरचं नाव आहे म्हटलं, तर ते बँकेचं काम. बँक म्हणाली, पोलिसांकडून पत्र आणा. चार दिवसांची रजा गेली, सगळ्यांनी कमरेत वाकून 'क्षमस्व' म्हटलं आणि एकानेही तक्रार लिहून घेतली नाही. तिसऱ्या वेळी मी खिडकीसमोरच रडले.

पैसे देण्याआधी परवान्याच्या पाटीचा फोटो घ्या. बारा आकडी क्रमांक असतो. मी येत्या रविवारी तेवढ्यासाठीच जाणार आहे, नवऱ्याला सोबत घेऊन.