दोष पोथीचा की पोथी सांगणाऱ्याचा?

धर्माच्या नावाने मारामारी झाली की घराघरांत हाच वाद पेटतो. तुमचं अजून ठरत नसेल, तर १९३६ सालचं एक भांडण समोर ठेवा. लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाने आंबेडकरांना अध्यक्ष म्हणून बोलावलं, त्यांचं भाषण आधी वाचलं, ते मंडळाला रुचलं नाही आणि परिषदच बारगळली. आंबेडकरांनी स्वखर्चाने १५०० प्रती छापल्या. गांधींनी ‘हरिजन’मध्ये उत्तर दिलं.

गांधींचं म्हणणं थोडक्यात असं: बुद्धीला न पटणारं ते देवाचं वचन नव्हेच. आणि धर्म जोखायचा तो त्याच्या उत्तम माणसांवरून, वाईट नमुन्यांवरून नव्हे. आंबेडकर म्हणाले, जात पाळणारी माणसं वाईट नाहीत, ती फार धार्मिक आहेत. चूक त्यांना शिकवलेल्या धर्मात आहे. तेव्हा शास्त्रांचं प्रामाण्यच मोडा.

आता दोन्ही बाजू दोन ग्रंथांवर घासून बघू.

गीतेवर गांधींचा मुद्दा टिकतो. जून १८९७ मध्ये शिवराज्याभिषेक उत्सवात टिळकांनी गीतेचा आधार घेऊन सांगितलं, की फळाची आशा न धरता केलेल्या अफजलखानाच्या वधाचं पाप महाराजांना लागत नाही. १५ जूनला ते ‘केसरी’त छापून आलं आणि २२ जूनला पुण्याचा इंग्रज प्लेग-अधिकारी रँड याच्यावर गोळी झाडली गेली. सरकारने व्याख्यात्याला १८ महिन्यांची सजा दिली, गीतेवर काही खटला भरला नाही! तीच गीता गांधींची. त्यांच्या सायंप्रार्थनेत स्थितप्रज्ञाचे श्लोक असत, आणि ३० जानेवारी १९४८ ला ते प्रार्थनेलाच निघाले होते. ज्याने त्यांना मारलं तोही फाशी जाताना गीता घेऊन गेला. एकाच पुस्तकातून दोघे इतके लांब जात असतील, तर वाट वाचणाऱ्याने निवडलेली आहे. अर्थात, ‘ऊठ, लढ’ हे वाक्य पुस्तकात आहेच, ते कुणी बाहेरून घुसडलेलं नाही. पण ते अर्जुनाला, एका रणांगणावर सांगितलेलं आहे.

मनुस्मृतीत असा अर्जुन नाही. आठव्या अध्यायात खालच्या जातीचा माणूस वरच्याच्या आसनावर बसू पाहील तर त्याच्या कमरेवर डाग देऊन त्याला हाकलावं, नाहीतर त्याचा कुल्ला कापावा, असं लिहिलंय. यात रूपक कुठून काढणार? हा दंड आहे, अपराध आणि शिक्षा शेजारी शेजारी. उलट भाष्यकारच कधी कधी मवाळ निघतो: मेधातिथीने मनूवर लिहितानाच सती जाण्याला विरोध केलाय. म्हणजे इथे सांगणाऱ्याने ग्रंथाच्या पुढे पाऊल टाकलं.

म्हणून माझा कल असा: कथेतलं वाक्य असेल तर आधी सांगणाऱ्याला धरा. नियम आणि शिक्षा असेल तर ग्रंथाला धरा, आणि ‘मूळ अर्थ वेगळा होता हो’ म्हणणाऱ्याला तो श्लोक मोठ्याने वाचायला लावा. आमच्या घरी पोथी लाल फडक्यात बांधलेली असे. हात जोडायचे, उघडायची नाही. आंबेडकरांनी गांधींना दिलेलं प्रत्युत्तर मला तिथेच पटलं: संतांनी काय अर्थ लावला हे सामान्य माणसाला ठाऊकच नसतं, शास्त्रात अमुक आहे असं कुणीतरी सांगितलेलं असतं, तेवढंच त्याच्याजवळ असतं.

एक अडचण मात्र दोन्ही बाजूंना आहे. २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्याचं पाणी प्यायल्यावर आंबेडकरांच्या तिथल्या परिषदेला आलेल्या अस्पृश्यांवर लाठ्या चालल्या, त्या ‘आता हे वीरेश्वराच्या देवळात शिरणार’ या अफवेवरून. त्या जमावातल्या कितीजणांनी मनू उघडला असेल? लाठीला श्लोक लागला नाही. तळं ‘शुद्ध’ करायला मात्र लागला: १०८ घागरी पाणी उपसून, त्यांत दही, दूध, शेण, गोमूत्र भरून त्या तळ्यात बुडवल्या, आणि काठावर भटजी मंत्र म्हणत होते. त्याच महाडात २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली गेली. ठराव मांडणारे गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे, जातीने ब्राह्मण.